उत्तर: जुन्या बाटलीने टीएनएफ वाढतो, नव्या बाटलीने नाही

तुमची पोस्ट वाचून पोटात खड्डाच पडला. २० नॅनोमीटरचे चांदीचे कण, मॅक्रोफेज म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, जुन्या बाटलीने टीएनएफ-अल्फा (दाहाचा इशारा देणारं प्रथिन) भसाभसा वाढतो, नव्या बाटलीने पेशी ढिम्म. आणि गाइड म्हणतात, दोन बॅचच्या आकारात फरक असेल, लिहायला घ्या. कृपा करून घेऊ नका, निदान दोन आठवडे तरी. माझे कण सोन्याचे होते, बाकी कथा हीच.

आकार, झीटा पोटेन्शियल (कणांवरच्या विद्युतभाराचं माप), पेशी वाढवायच्या द्रवात म्हणजे मीडियात गुठळ्या होतात का, हे तुम्ही पाहिलंच असणार. चांदी विरघळून आयन सुटतात म्हणून सिल्व्हर नायट्रेटचं कंट्रोलही लावलं असेल. त्यात शिरत नाही. माझा संशय एंडोटॉक्सिनवर आहे, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या आवरणातल्या एलपीएसवर. मॅक्रोफेज चिडायला ते मिलीलीटरमागे काही दहा पिकोग्रॅमसुद्धा पुरतं, आणि कणांच्या पृष्ठभागावर ते छान चिकटून बसतं.

माझ्याकडे ते पाण्यातून आलं. यंत्रातून शुद्ध पाणी काढायचं, कॅनमध्ये भरून ठेवायचं आणि आठवडाभर वापरायचं, असा आमचा शिरस्ता. कॅनच्या नळीत जिवाणूंचा थर साचला होता. वर मी कण ऑटोक्लेव्ह करून निर्धास्त झाले! १२१ अंशांवर जिवाणू मरतात, एलपीएस जात नाही. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही ते आरामात पार होतं. ते नष्ट करायला काचसामान २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवता येतं, कण तसे भाजता येत नाहीत.

पण हे परवडलं असतं. सगळ्यात महाग पडला तो एक कागद. मी नमुना बाहेरच्या एका तपासणी प्रयोगशाळेत पाठवला. एका ओळीचा अहवाल आला: एंडोटॉक्सिन मर्यादेच्या आत. त्या ओळीवर विसंबून मी १४ महिने 'सोन्याच्या कणांमुळे होणारा दाह' मोजत बसले. नंतर शंका आली म्हणून स्पाइकचे आकडे मागितले, म्हणजे माहीत असलेलं एंडोटॉक्सिन मुद्दाम नमुन्यात घातल्यावर त्यातलं किती परत मोजलं गेलं. पहिल्या मेलला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर, 'आमच्या अहवालाच्या साच्यात तो रकाना नाही.' तिसऱ्याला बिलाची प्रत. स्पाइक केलंच नव्हतं, हे फोनवर कळलं. मग मी स्वतः केलं तेव्हा ५० ते २०० टक्के यायला हवी ती रिकव्हरी आली १२ टक्के. कणच चाचणीचा गळा आवळत होते. अहवाल तसा खोटा नव्हता, त्याला काही अर्थच नव्हता.

तुमच्या बाबतीत उलटंही होऊ शकतं. एलएएल या एंडोटॉक्सिन मोजायच्या चाचणीच्या रंगाच्या पद्धतीत पिवळा रंग ४०५ नॅनोमीटरला वाचतात, आणि चांदीचे कण स्वतःच ४०० च्या आसपास प्रकाश शोषतात. म्हणजे एंडोटॉक्सिन नसतानाही आकडा फुगेल. त्यामुळे नुसते कण घालून, अभिकर्मकाशिवाय, एक वाचन घ्याच. जमल्यास जेल-क्लॉट पद्धतीने पडताळा. त्यात रंग वाचायचा नसतो. स्पाइक मात्र तिथेही हवंच.

त्याआधी स्वस्तातली गोष्ट करून पाहा. जुन्या बाटलीच्या कणांसोबत पॉलिमिक्सिन बी घाला, ते एलपीएसला चिकटून त्याला निष्प्रभ करतं. टीएनएफ कोसळला तर दोष चांदीचा नाही, असं मी तरी धरून चालेन. शुद्ध एलपीएसवर ते काम करतंय हे प्लेटच्या शेजारच्या खळग्यात दाखवा. एक खोच: पॉलिमिक्सिन धनभारित आहे, तुमच्या कणांवर सायट्रेटचं आवरण असेल तर ते ऋणभारित. दोघे मिळून गुठळ्या करू शकतात, आणि मग पेशींपर्यंत वेगळाच माल पोचतो. डीएलएसवर, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्रावर, एकदा बघून घ्या. (डीएलएसचं म्हणाल तर, चार मोठ्या गुठळ्याही निकाल पार फिरवतात, सरासरीच्या एका आकड्यावर जाऊ नका.)

मी पेशींच्या बाजूची, रसायनशास्त्रात कच्ची. कणांवरून एलपीएस धुऊन काढण्याबद्दल मला विचारू नका. मला ते जमलं नाही, मी ताज्या पाण्यात कण नव्याने बनवले. आणि तुमचं काम नियामक संस्थेकडे जाणार असेल, तर त्यांची ठरलेली पद्धतच पाळा, माझं ऐकू नका. बाकी, दाहाचा दावा असलेला आणि एंडोटॉक्सिनचा आकडा नसलेला पेपर मी हल्ली पुढे वाचतच नाही. आगाऊपणा वाटेल, वाटू दे.

गुठळ्या फोडायला प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरी सोडणारी धातूची कांडी) वापरत असाल तर टोक बघा. झिजलेल्या टोकातून टायटॅनियम नमुन्यात सुटतं. हा वेगळा विषय आहे, पण मी त्यातही हात पोळून घेतलेत.

जुनी बाटली संपवू नका. उरलेल्याचे छोटे भाग करून ठेवा आणि लॉट नंबर वहीत लिहा, बाटलीवरची शाई अल्कोहोलने पुसली जाते. पॉलिमिक्सिनचा निकाल आला की इथेच टाका.