स्लाइडशो अडखळत असेल तर
स्लाइडशो अडखळतो म्हणून नवा संगणक घेण्याआधी तुम्ही फोटोंचा आकार तपासावा. 4000 × 3000 पिक्सेलचा जेपीईजी फोटो डिस्कवर जेमतेम 4 एमबीचा दिसत असला, तरी पडद्यावर दाखवण्यासाठी तो उलगडला की प्रत्येक पिक्सेलला 3 बाइट या हिशेबाने मेमरीत सुमारे 36 एमबी जागा घेतो, आणि एक फोटो विरून दुसरा उमटताना असे दोन फोटो एकाच वेळी उघडे असतात. फुल एचडी पडद्याला 1920 × 1080 पिक्सेल पुरतात. म्हणून मूळ फोटोंना हात न लावता त्यांच्या लहान प्रती काढाव्यात. ज्या फोटोवर झूम करायचे आहे तो मात्र मोठाच ठेवावा, नाहीतर आजीच्या चेहऱ्याजवळ जाताच नथीतले मोती पुसट होतात, आणि ते मला फार खटकते.

प्रती, संगीत आणि प्रकल्पाची फाइल (जिच्यात स्लाइडशोची मांडणी जतन होते ती) एकाच फोल्डरमध्ये असू द्या. अनेक सॉफ्टवेअर फोटो स्वतःत साठवत नाहीत, केवळ त्यांची जागा लक्षात ठेवतात. त्यामुळे फोटो दुसरीकडे हलवले की स्लाइड रिकाम्या दिसतात. एवढे करूनही अडलेच, तर मदत मागताना सॉफ्टवेअरची आवृत्ती, फोटोंचा आकार आणि नेमकी कोणती स्लाइड अडखळते, हे अवश्य कळवावे.