दलित पँथर ही दलित तरुणांची संघटना म्हणजे अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथरची नुसती कॉपी होती का?

नाही, नाव तिकडून घेतलं पण चीड इथलीच होती. 1972 ला मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही पोरं एकत्र आली, तेव्हा गावागावात दलितांवर अत्याचार चालू होते, पुणे जिल्ह्यातल्या बावडा गावात दलितांवर बहिष्कार टाकलेला आणि रिपब्लिकन पक्षाचे नेते मात्र गटबाजीत अडकलेले, मग ही पोरं गप्प कशी बसतील? ढसाळ तर टॅक्सी चालवायचे, वाढले कामाठीपुऱ्याच्या भागात.

स्वातंत्र्याला 25 वर्षं झाली म्हणून देशभर सोहळा चाललेला तेव्हा यांनी काळा स्वातंत्र्यदिन पाळला. 'साधना' साप्ताहिकात ढालेंचा लेख आला, मुद्दा एवढाच की झेंड्याच्या अपमानाला जेवढी शिक्षा तेवढीसुद्धा दलित बाईची अब्रू घेणाऱ्याला नाही. त्यावर केवढा गदारोळ! लोकांना झेंडा दिसला, ती बाई दिसलीच नाही, मला आजही याचाच राग येतो.

जानेवारी 1974 मध्ये मुंबईत वरळीला दंगल झाली, त्यानंतर काढलेल्या मोर्चावर वरून दगड पडले आणि त्यात पँथरचा कार्यकर्ता भागवत जाधव गेला. पुढे पँथरमध्ये फूट पडली ते खरंय, पण जीव देऊन उभी केलेली चळवळ आहे ही, तिला नक्कल नका म्हणू.