‘ताशी ३० नॉट’मधला ‘ताशी’ आणि एका फळकुटाची गोष्ट

प्रश्न असा आहे: ‘अमेरिकेची विनाशिका ताशी ३० नॉट वेगाने रवाना झाली’ असं वाक्य बातमीत वाचलं. यात ‘ताशी’ हवं का? आणि ‘नॉट’ला मराठीत ‘गाठ’ म्हटलं तर चालेल का?

‘ताशी’ नको. अजिबात नको. बातम्यांतून, माहितीपटांच्या मराठी निवेदनांतून, स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांतून हे ‘ताशी नॉट’ इतक्या वेळा कानावर येतं की आता बरोबर लिहिणाऱ्यालाच आपलं चुकलं की काय असं वाटू लागलंय. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. तास त्या शब्दाच्या पोटातच आहे. ‘ताशी ३० नॉट’ म्हणजे ‘तासाला तासाला ३० सागरी मैल’. शब्दशः घेतलं तर तो वेग राहत नाही, त्वरण होतं: पहिल्या तासाअखेर ३० नॉट, दुसऱ्या तासाअखेर ६०. किलोमीटर द्यायचे असतील तर १.८५२ ने गुणा आणि तिथे खुशाल ‘ताशी’ लिहा. ३० नॉट म्हणजे ताशी साडेपंचावन्न किलोमीटर.

उदाहरण अमेरिकन विनाशिकेचं आहे, तर अमेरिकन आरमाराचाच दाखला घेऊ. नोव्हेंबर १९४३, सॉलोमन बेटांचा परिसर. कॅप्टन आर्ली बर्क यांच्याकडे तेविसावं विनाशिका पथक होतं. त्यातल्या ‘स्पेन्स’च्या बॉयलरमध्ये बिघाड झाल्यामुळे सगळ्या पथकाचा वेग ३० नॉटवर अडला होता. तरी बर्कनी कळवलं की आम्ही ३१ नॉटने निघालो आहोत. त्या भागातल्या अमेरिकन आरमाराचे सेनापती ॲडमिरल हॉल्सी यांच्या मुख्यालयातून पुढचा हुकूम आला तो ‘थर्टी-वन नॉट बर्क’ अशा संबोधनाने. २५ नोव्हेंबरच्या पहाटेपर्यंत केप सेंट जॉर्जजवळ तीन जपानी विनाशिका बुडाल्या, आणि हे टोपणनाव बर्कना जन्मभर चिकटलं. त्या नावात ‘पर अवर’ कुठेही नाही. ज्यांच्या तोंडात हा शब्द रोज होता, त्यांना त्याची गरजच पडली नाही.

यावर काही जाणकार एक मुद्दा काढतात: अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या खुद्द दर्यावर्दींच्या लेखनात ‘तासाला इतके नॉट’ असा प्रयोग सापडतो, मग आम्ही लिहिलं तर काय बिघडलं? सापडतो हे खरं. पण त्या लेखकांनी ‘नॉट’ हा शब्द अंतराचं माप म्हणून, सागरी मैलाच्या जागी वापरलेला असतो. तो अर्थ पुढे टिकला नाही. आज नॉट फक्त वेगाचा. जुन्या अर्थाचं प्रमाणपत्र दाखवून नव्या अर्थाची चूक खपवायची, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

आता नॉट आला कुठून. ‘जहाजाच्या दोरीला दर मैलावर एक गाठ मारलेली असे’ असं स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं. ते चूक आहे. मैलभर दोरी सोडून कोण कशाला बसेल? खरी रचना फार सुंदर आहे आणि तिच्यातली मुख्य वस्तू गाठ नव्हेच. मुख्य वस्तू आहे एक फळकूट.

शिडांच्या जहाजावर हे फळकूट म्हणजे वर्तुळाच्या चतुर्थांशाच्या आकाराची पातळ फळी, त्रिज्या जेमतेम पाच-सहा इंच. तिच्या गोल कडेला शिसं बसवलेलं असे, म्हणजे ती पाण्यात टोक वर करून उभी तरंगे. तिन्ही कोपऱ्यांना दोऱ्या. त्यांपैकी एक नुसती खुंटीने खोचलेली. मोजणी संपली की दोरीला हिसका द्यायचा, खुंटी सुटते, फळी आडवी होते आणि सहज ओढून घेता येते. नाहीतर उभी फळी पाणी अडवते, आणि भर वेगात ती ओढताना दोरी तुटायची.

माणसं तीन लागत. एकाने दोरीची फिरकी डोक्यावर धरायची, पतंग उडवणाऱ्याच्या मागे पोरं धरतात तशी. दुसऱ्याच्या हातात वाळूचं घड्याळ. तिसरा फळकूट जहाजाच्या मागे टाकतो. सुरुवातीची पंधरा-वीस वाव (वाव म्हणजे सहा फूट) दोरी मोजायचीच नाही, कारण जहाजामागच्या खळबळीतून फळकूट बाहेर पडून एका जागी ठरायला हवं. ती दोरी जिथे संपते तिथे चिंधीची खूण. चिंधी कठड्यावरून सरकली की घड्याळ उलटं करायचं. वाळू संपली की दोरी जागच्या जागी पकडायची आणि किती खुणा बाहेर गेल्या ते मोजायचं.

नॉट आला तो या खुणांमुळे. मूळ दोरीला गाठी मारत नसत. दोरीच्या पिळांमध्ये बारीक सुतळीचे तुकडे खोवत, आणि त्या तुकड्यांना दोन, तीन, चार अशा चढत्या गाठी असत. काळोख्या रात्री दिव्याशिवाय, नुसत्या बोटांनी चाचपून वेग कळे.

दोन खुणांमधलं अंतर २८ सेकंदांच्या घड्याळासाठी ४७ फूट ३ इंच. हा आकडा कसा निघतो? सागरी मैल ६,०७६ फुटांचा. २८ सेकंद म्हणजे तासाच्या ३,६०० सेकंदांपैकी जेवढा हिस्सा, मैलाचा तेवढाच हिस्सा दोन खुणांमध्ये ठेवायचा. गुणाकार-भागाकार केला की ४७.२६ फूट येतात. म्हणून २८ सेकंदांत जितक्या खुणा, तासाला तितके सागरी मैल. कागदावर काहीच मांडावं लागत नाही. भागाकार दोरीतच बांधून ठेवलेला आहे. ‘तास’ नॉटच्या पोटात आहे असं वर म्हटलं, ते अक्षरशः असं. ज्याला ही दोरी कळली त्याच्या हातून ‘ताशी नॉट’ लिहिलं जाणार नाही.

बोस्टनला १७९७ साली पाण्यात उतरलेली ‘कॉन्स्टिट्यूशन’ ही अमेरिकन फ्रिगेट, म्हणजे शिडांची युद्धनौका, चांगल्या वाऱ्यात १३ नॉटपर्यंत जाई. म्हणजे २८ सेकंदांत फिरकीवरून ६१४ फूट दोरी सुटणार, जहाजाच्या २०४ फूट लांबीच्या तिप्पट. इतकी दोरी पुन्हा गुंडाळायची म्हणजे हात भरून येतात. म्हणून जास्त वेगाला १४ सेकंदांचं छोटं घड्याळ वापरत आणि आलेला आकडा दुप्पट करत.

चुका कुठे होत तेही सांगायला हवं. नवी दोरी भिजली की आखडते, वापराने ताणली जाते. म्हणून खुणांचं अंतर तपासायला डेकवर मापाने खिळे ठोकलेले असत आणि दोरी ओली करूनच त्यांच्याशी ताडून पाहत. दमट हवेत वाळू गच्च होऊन सावकाश पडते, मग जास्त दोरी सुटते आणि वेग आहे त्याहून जास्त भरतो. उलट, वर्षानुवर्षं वाळू घासून घड्याळाचं भोक मोठं होतं, वाळू लवकर संपते, वेग कमी भरतो. मागून लाटा येत असतील तर त्या फळकुटाला जहाजाकडे ढकलतात, तेव्हाही वेग कमीच दिसतो. आणि हा सगळा वेग पाण्याच्या तुलनेतला. खालचं पाणीच प्रवाहाने दोन नॉटने सरकत असेल तर दोरीला त्याचा पत्ता लागत नाही.

आता खरी मजा. या फळकुटाला इंग्रजीत म्हणतात ‘लॉग’, म्हणजे ओंडका. विल्यम बोर्न या इंग्रजाने १५७४ मध्ये या युक्तीचं वर्णन छापलं. दर तासाला लॉग टाकायचा, आकडा खडूने पाटीवर लिहायचा आणि मग वहीत उतरवायचा. ती वही म्हणजे लॉगबुक. ओंडक्याची वही! जुन्या पानांवर रकाने असत: तास, नॉट, फॅदम, दिशा, वारा. पुढे वहीलाच नुसतं ‘लॉग’ म्हणू लागले, आणि वहीत नोंद करणं हेही ‘लॉग’ झालं.

अमेरिकन आरमाराने हा शब्द जपला तो दोन्ही अर्थांनी. तळातून पाण्यात नळी काढून दाबावरून वेग मोजणारं यंत्र आलं, त्याचं नाव ‘पिटोमीटर लॉग’. त्या नळीला खलाशी ‘पिट सोर्ड’ म्हणतात, म्हणजे तलवार. उथळ पाण्यात शिरण्याआधी ती वर ओढून घेतली नाही तर मोडते. मग विद्युतचुंबकीय यंत्र आलं, तेही ‘लॉग’च. त्यात लाकडाचा कणही नाही. वहीचीही एक परंपरा आहे: नववर्षाच्या मध्यरात्री सुरू होणाऱ्या पहाऱ्याची डेक लॉगमधली पहिली नोंद पद्यात लिहायची. जहाज कुठे बांधलंय, कुठले दोर कुठे, वीज कुठून घेतलीय, बंदरात आणखी कोणती जहाजं आहेत हा सगळा रुक्ष मजकूर यमकात बसवायचा. वर्षभर त्या वहीत दुसरं पद्य चालत नाही.

आणि आता माझं मत, ज्यावर मी ठाम आहे. आज आपण रोज ‘लॉगिन’ करतो, सर्व्हरचे ‘लॉग’ तपासतो, लोक ‘ब्लॉग’ लिहितात, ‘व्लॉग’ काढतात. ही सगळी त्या फळकुटाची पिल्लं आहेत, एवढं कुणीही मान्य करतं. माझं म्हणणं त्यापुढचं आहे: ओंडका संगणकात पोचला तो अमेरिकन आरमाराच्या हातून. १९४४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचं ‘मार्क वन’ हे संगणकयंत्र चालू झालं ते आरमाराच्या जहाजविभागाच्या कामासाठी. प्रमुख हॉवर्ड एकेन स्वतः आरमाराचे राखीव अधिकारी, आणि त्यांनी ती प्रयोगशाळा जहाजासारखीच चालवली: चोवीस तास पाळ्या, गणवेश, नोंदींची शिस्त. गणितज्ञ ग्रेस हॉपर तिथेच लेफ्टनंट म्हणून रुजू झाल्या. पुढच्या ‘मार्क टू’ यंत्राच्या वहीत ९ सप्टेंबर १९४७ ची ती प्रसिद्ध नोंद आहे. फलक ‘एफ’, रिले (विजेवर चालणारी कळ) क्रमांक ७०, त्यात अडकलेला पतंग (उडणारा किडा), आणि तो चिकटपट्टीने थेट पानावर चिकटवलेला. शेजारी वाक्य: ‘बग प्रत्यक्ष सापडल्याची पहिली घटना’. (‘बग’ म्हणजे किडा, आणि यंत्रातला दोषही. या दुसऱ्या अर्थाचा ‘बग’ हॉपर यांनी घडवला ही समजूत चुकीची आहे. एडिसनने १८७८ च्या पत्रात तो वापरलाय, आणि पतंग सापडला तोही हॉपर यांना नव्हे.) त्या पानावर सगळे पतंग बघतात. मला त्या पानाची वही मोलाची वाटते. वेळ, घटना, उपाय, पुन्हा वेळ: ही जहाजावरच्या पहाऱ्याची नोंद आहे, फक्त समुद्र नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी एमआयटीच्या सामायिक संगणकावर ‘लॉगिन’ ही आज्ञा आली, तेव्हा वहीत नाव घालून पहाऱ्यावर रुजू व्हायचं हीच कल्पना यंत्रात उतरली. विमानांचे आणि रेडिओ केंद्रांचेही लॉग होते, मग श्रेय आरमाराला का, असा आक्षेप घेतला जातो. घेणाऱ्यांनी एवढं सांगावं की त्या विमानांना आणि रेडिओ केंद्रांना हा शब्द कुणी दिला. तोही समुद्रावरूनच आला. हॉपर १९८६ मध्ये रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या, आणि तो समारंभ झाला बोस्टनमध्ये ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या डेकवर. फळकूट टाकणाऱ्या जहाजावर!

राहिली ‘गाठ’. ‘३० गाठी वेगाने’ हे मराठी कानाला कळणार नाही. गाठ आपल्याकडे लग्नाची असते, अंगावरची असते, मनातली असते, वेगाची नाही. नॉट तसाच ठेवा, अनेकवचनही ‘नॉट’च, ‘नॉट्स’ नको. पण त्याच वहीतल्या ‘फॅदम’ला मात्र मराठी शब्द शोधायची गरजच नाही. नॉटचे पोटभाग म्हणून, कुठे आठ तर कुठे दहा, फॅदम लिहीत. फॅदमचा मूळ अर्थ पसरलेल्या दोन हातांचं अंतर, सहा फूट. आपली ‘वाव’ तीच. संस्कृत व्याम, त्याचीच मराठी वाव. विहीर किती वाव खोल, दोर किती वाव, असं मोजायचे. परिभाषेच्या याद्यांत तिला डावलून ‘फॅदम’ लिहिणाऱ्यांनी घरातला शब्द अंगणात फेकला.

आणि ‘सुधारणेला वाव आहे’ यातला वाव कुठला? काहींच्या मते हा वेगळाच शब्द, कारण माप स्त्रीलिंगी आणि हा पुल्लिंगी. लिंग बदलून अर्थ सरकलेले शब्द मराठीत कमी आहेत का? गर्दीत उभं राहून दोन्ही हात आडवे पसरून बघा. पसरता आले तर तिथे वाव आहे. दोर मोजणारा याच हालचालीने तो मोजायचा: छातीसमोरून एक वाव, आणखी एक वाव.