टिपणं तीच, गाईड दुसरे

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जुन्नरकडच्या एका गावात आठ महिने राहून सावडीवर, म्हणजे शेतकरी आळीपाळीने एकमेकांच्या शेतात माणसं-बैलं घेऊन राबतात त्या रीतीवर, टिपणं केलीत. गाईड म्हणतात, "माहिती भरपूर आहे, मुद्दा कुठाय?" दुसऱ्या विभागातल्या मॅडमना मात्र त्याच वह्या आवडल्या. तेव्हा गाईड बदलू का, आणि बदलले तर आठ महिने पाण्यात गेले का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नाही गेले. पहिल्याला जरा वेळ लागेल.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास तुम्हाला 'संस्कृतीकरण' (खालच्या मानलेल्या जातीने वरच्या जातीच्या चालीरीती उचलणं) या परीक्षेतल्या टिपेमुळे माहीत असतील. ती संकल्पना कशी आली ते मात्र वर्गात कोणी सांगत नाही. म्हैसूरचा हा मुलगा १९३६ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक गो. स. घुर्यांकडे आला. घुर्ये मालवणचे, मूळचे संस्कृतचे, आणि विद्यार्थ्याला कामाला जुंपणारे. तमिळ, तेलुगू लोकगीतं गोळा करायला पाठव, अमुक समाजावर लिही म्हण, असं चाले. कर्नाटकातल्या कूर्गचा (आजचं कोडगू) विषयही त्यांच्याकडूनच आला. श्रीनिवासांनी तिथल्या कोडव लोकांची घराणी, लग्नं, सण, देवक-दैवतं यांची नोंद केली आणि १९४४ साली मुंबईची पीएचडी मिळवली. प्रबंध जाडजूड होता, माहितीने ठासून भरलेला. तुमच्या गाईडनी वाचला असता तर तेच म्हणाले असते!

१९४५ साली ते ऑक्सफर्डला मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांच्याकडे गेले, तेव्हा डोक्यात वेगळाच विषय होता. ब्राउनसाहेबांनी तो बाजूला ठेवायला लावला आणि कूर्गचीच टिपणं पुन्हा उघडायला सांगितली. टिपणं जुनीच होती, त्यांना विचारायचा प्रश्न तेवढा नवा: हा विधी केल्याने कोण कोणाशी बांधलं जातं? मग 'ओक्का' म्हणजे कोडवांचं एकत्र घराणं, गाव, नाड म्हणजे गावांचा गट, या प्रत्येक पातळीवर कुठला विधी माणसांना एकत्र धरतो, ते दिसायला लागलं. कोडवांतल्याच अम्मा कोडव या गटाने मांस-दारू सोडून जानवं घातलं होतं, ही टिपणांतली एक बाब. तिचंही वजन वाढलं, 'संस्कृतीकरण' ते हेच. १९४६ मध्ये ब्राउन निवृत्त झाले, पुढचं मार्गदर्शन त्यांच्या जागी आलेल्या इव्हान्स-प्रिचर्ड यांनी केलं, आणि १९५२ साली कूर्गवरचं पुस्तक आलं, ब्राउन यांच्याच प्रस्तावनेसह.

यातली गंमत अशी की ब्राउननी हे आधी स्वतःवर करून पाहिलं होतं. १९०६ ते १९०८ मध्ये ते अंदमानात होते. पहिल्या लिखाणात त्यांनी त्या टिपणांवरून तिथल्या लोकांचा जुना इतिहास जुळवायचा प्रयत्न केला. मग फ्रेंच समाजशास्त्र वाचलं आणि तीच सामग्री नव्याने मांडली. ते पुस्तक यायला १९२२ साल उजाडलं. आणखी एक धागा: ब्राउन हे केंब्रिजचे मानवशास्त्रज्ञ रिव्हर्स यांचे शिष्य, आणि आपले घुर्येही रिव्हर्स यांचेच. १९२२ साली रिव्हर्स अचानक गेले, म्हणून घुर्यांनी केंब्रिजच्याच हॅडन यांच्याकडे पदवी पुरी केली. म्हणजे श्रीनिवासांचे दोन्ही गुरू एकाच घराण्यातले, फक्त गायकी वेगळी. (घुर्ये नुसते ग्रंथालयात बसत, हा शेरा ऐकला की मी लोणीकंदची आठवण देतो. पुण्याजवळच्या त्या गावावरचं त्यांचं पुस्तक १९६० चं आहे.)

पुढे श्रीनिवास आणि घुर्ये यांच्यात अंतर पडलं, हे खरं. पण घुर्यांनी कूर्गला पाठवलं नसतं, तर ऑक्सफर्डला उघडायला वह्याच नव्हत्या. माझ्या मते या गोष्टीत घुर्यांना कमी श्रेय मिळतं.

माझंही थोडं सांगतो. सातपुड्यातल्या एका पाड्यावर पहिले पाच महिने मी नुसत्या वंशावळी काढल्या, कारण सरांना वंशावळी हव्या होत्या. अकरा वह्या. सर खूश. एका चर्चासत्रात एका वयस्कर बाईंनी विचारलं, "पाहुणा आला तर कुठल्या घरी झोपतो?" मला सांगता येईना. त्या रात्री वह्या चाळल्या, तर उत्तर समासात जागोजागी पडलेलं होतं. सर त्यावर आठवडाभर घुश्शात होते, पण प्रबंध त्यातूनच उभा राहिला. गाईड मी बदलले नाहीत.

म्हणून तूर्त अर्ज लिहू नका. मॅडमना सह-मार्गदर्शक म्हणून घेता येतं का, ते विभागात विचारा. तुमच्या सरांचा शेरा चुकीचा नाही, अपुरा आहे. टिपणं मात्र एका शब्दानेही सुधारू नका. नवं सुचेल ते वेगळ्या रंगात, तारीख घालून समासात लिहा, आणि प्रती दोन वेगळ्या गावांत ठेवा. १९७० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला कोणी आग लावली, त्यात श्रीनिवासांच्या रामपुरा या म्हैसूरकडच्या गावावरच्या टिपणांच्या, नीट लावून तयार केलेल्या तिन्ही प्रती जळाल्या, कारण तिन्ही एकाच खोलीत होत्या.

रामपुराचीच अजून एक आठवण. तिथे श्रीनिवास आंघोळीनंतर दाढी करत. पाटलाने टोकलं: आधी दाढी, मग आंघोळ. ब्राह्मणाला सोवळं शिकवणारा शेतकरी! ही क्षुल्लक बाब त्यांनी टाकून दिली नाही. तुम्ही काय क्षुल्लक म्हणून टाकलंय ते बघा. सावडीला कोण आलं याचे तक्ते तुमच्याकडे आहेतच. कोणाला बोलावलंच नाही, आणि बोलावूनही कोणाची बैलं आली नाहीत, हे कुठे लिहिलंय का? असलं तर त्या एकाच प्रसंगावर पाच पानं लिहून सरांना द्या. दुसरी प्रत मॅडमना.