क्रोम म्हणतं पासवर्ड फुटलाय, पण माझा पासवर्ड कठीण आहे. तरी बदलायचा का?

बदला, आजच. आणि तोच पासवर्ड अजून जिथे जिथे लावलाय तिथेही बदला. चिन्हं आहेत, आकडे आहेत, कुणाला ओळखता येणार नाही असं तुम्ही लिहिलंय. पण फुटलेल्या यादीतला पासवर्ड चोराला ओळखावा लागतच नाही, नुसता चिकटवावा लागतो. कुठल्यातरी साइटचा डेटा चोरीला जातो, ईमेल आणि पासवर्डच्या जोड्या बाहेर फिरतात, मग कोणीतरी प्रोग्रॅम लावून त्याच जोड्या शेकडो साइटवर चालवून बघतो. क्रोम तुमची जोडी अशाच याद्यांशी ताडून बघतं. फेब्रुवारी 2019 मध्ये गूगलने हे एक्स्टेन्शन म्हणून, म्हणजे क्रोमला वेगळं जोडायचा छोटा प्रोग्रॅम म्हणून आणलं तेव्हाच त्यांच्याकडे 400 कोटींहून जास्त जोड्या होत्या. त्याच डिसेंबरात क्रोम 79 मध्ये ती सोय आतच आली.

मी बेळगावातल्या एका क्रेडिट सोसायटीत काम करत होते. नाव सांगत नाही. आमच्या मॅनेजर साहेबांचा नियम होता, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काउंटरच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड बदलायचाच. शिस्त म्हणजे शिस्त. मग सगळे काय करणार? महिन्याचं नाव आणि पुढे एक आकडा. शिवाय कीबोर्ड उचलला की खाली चिठ्ठी. मी दर वेळी म्हणायचे, साहेब, कॅलेंडर बघून बदलून उपयोग नाही, फुटला की बदलावा. ते म्हणायचे, मॅडम, तुम्ही नेटवर वाचून आम्हाला शिकवू नका.

या नियमात ऑफिसचा मेल मात्र नव्हता. त्याचा पासवर्ड वर्षानुवर्षं तोच, आणि स्टेशनरी मागवायच्या साइटवरही तोच. एक दिवस मेल उघडताना क्रोमची चौकट आली. कॉम्प्युटर दुकानदाराने सगळं कन्नडात लावून दिलेलं, म्हणून मी साहेबांना मराठीत वाचून दाखवलं. "बंद करा ते, जाहिरात असेल," एवढंच.

काही आठवड्यांनी वडगावच्या एक मावशी काउंटरला आल्या. घरी यंत्रमाग, लेकीच्या लग्नासाठी आमच्याकडे ठेव. नातवाच्या मोबाइलवर आमच्या मेलवरून पत्र आलेलं: ठेवीचा पुढचा हप्ता या नव्या खात्यात भरा. मावशींनी पैसे भरले नव्हते. त्यांनी मला विचारलं, "पोरी, तुम्ही इंग्लिशातनं कवापास्नं लिवायला लागलासा?" आमचं लेटरहेड वर कन्नड आणि खाली मराठी, मजकूर कायम मराठीत. त्या बाईंनी तेवढ्यावरून ओळखलं. मला त्यांचा आजही अभिमान वाटतो.

मेल उघडून बघितला तर पाठवलेल्यांत काहीच नाही, सगळं पुसलेलं. सेटिंगमध्ये एक फिल्टर सापडला: ज्या पत्रात "डिपॉझिट" असेल ते एका अनोळखी पत्त्यावर जायचं आणि इनबॉक्समध्ये दिसायचंच नाही. म्हणजे सभासद उलट विचारणार ते आम्हाला कळणारच नव्हतं. म्हणून सांगते, नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. पासवर्ड बदलला तरी असा फिल्टर तिथेच राहतो. फिल्टर बघा, फॉरवर्डिंग बघा, रिकव्हरीचा फोन नंबर तुमचाच आहे का बघा, अनोळखी डिव्हाइस साइन आउट करा, टू-स्टेप लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, जसं फोनवरचा कोड. सगळ्यात आधी मेल, कारण बाकी खात्यांचे पासवर्ड मेलवरूनच बदलता येतात. आणि शेवटचा 1 काढून 2 घालणं म्हणजे बदल नव्हे, चोराचा प्रोग्रॅम तेही करून बघतो.

साहेबांनी त्यावरही काय केलं? महिन्याचा नियम पंधरवड्याचा केला! अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने 2017 च्या नियमावलीतच म्हटलंय की ठरावीक मुदतीने उगाच पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तर मात्र लावाच. मी तो कागद छापून त्यांच्या टेबलावर ठेवला होता, त्यांनी वाचला नाही. तुमच्याही ऑफिसात असे कोणी असतील तर तो परिच्छेद दाखवा.

गूगलला पासवर्ड कळतो का, हेही तुम्ही विचारलंय. ताडणी एन्क्रिप्ट करून होते, गूगलला तो वाचता येत नाही अशीच तिची रचना आहे. त्या भीतीने इशारे बंद करू नका.

एक राहिलं. सगळेच इशारे खरे नसतात. वेबपेजवरच्या चौकटीत फोन नंबर असेल किंवा काही डाउनलोड करायला सांगत असेल, तर ती फसवणूक आहे, टॅब बंद करा. शंका आली तर चौकटीतलं बटण न दाबता क्रोमच्या सेटिंग्जमध्ये स्वतः जाऊन पासवर्ड मॅनेजरचं चेकअप चालवा. एखादं जुनं खातं असेल, आत काहीच नसेल आणि तो पासवर्ड दुसरीकडे कुठेच नसेल, तर सवडीने बदला किंवा खातंच काढून टाका. पैसे गेलेच असतील तर मात्र आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बाकी सगळं त्यानंतर.