त्या काळची बाई असं बोलली असती का?

प्रश्न: ताई, आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सिरीयलवरून भांडण पेटलंय. काळ दाखवलाय 1880 च्या आसपासचा आणि नायिका सरळ सांगते की लहानपणी लावून दिलेलं लग्न मला मान्य नाही, मी नांदायला जाणार नाही. झालं, अर्धा ग्रुप म्हणतो हा आजचा अजेंडा जुन्या काळात घुसवलाय, तेव्हाच्या बायका असं बोलायच्याच नाहीत. सासूबाईंचंही तेच मत. मला मात्र ती मुलगी फार पटली. बरोबर कोण?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: अशी मुलगी खरंच होती आणि तुमच्या-माझ्यापासून लांब नाही, इथेच मुंबईत होती. रखमाबाई तिचं नाव. 11 व्या वर्षी लग्न झालं, ती आईकडेच राहिली, पुढे नवऱ्याने नांदायला ये म्हणून 1884 मध्ये कोर्टात केस टाकली. ती गेली नाही. आधी निकाल तिच्या बाजूने लागला, मग अपील झालं आणि 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली तुरुंगात जाईन! टिळकांचा केसरी तिच्या विरोधात लिहित होता, पेपरांमधून नुसता गदारोळ चालला होता, तरी ही हलली नाही, शेवटी 1888 ला 2000 रुपये देऊन तडजोड झाली आणि ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आली. आता हे ग्रुपवर टाका आणि विचारा अजेंडा कोणाचा.

रखमाबाईच्या विधवा आईचा दुसरा विवाह झाला होता. हे मुद्दाम सांगतेय, कारण सिरीयलमध्ये विधवेचं लग्न म्हटलं की घरात वीज पडल्यासारखं दाखवतात आणि आपल्याला वाटतं तेव्हा सगळीकडे असंच होतं. तसं नव्हतं, कितीतरी जातींमध्ये पाट लावायची रीत होतीच. पण कॅमेरा एकाच वाड्याच्या चौकातून बाहेर पडत नाही त्याला काय करणार.

आणि बोलण्याचं म्हणाल तर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंनी 1882 ला स्त्रीपुरुष तुलना लिहिलं, त्यात पुरुषांना जे सुनावलंय तेवढं कडक लिहायची आजच्या चॅनेलवाल्यांची हिंमत होणार नाही. सासूबाईंना वाचून दाखवा, मजा येईल त्यांना, खरंच सांगते.

प्रश्न: आमच्या घरी सगळ्यांना सिरीयलमधला नवरा आवडतो, बायकोला रात्री दिव्याखाली शिकवतो, आईसमोर तिची बाजू घेतो, कधी आवाज चढवत नाही. माझी आई मात्र म्हणते हे खोटं आहे. मला वाटतं ती उगाच नकारात्मक बघते.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: आई बरोबर बघतेय. मला विचाराल तर या मालिकांमध्ये आजचं काही असेल तर ते बंडखोर बायको नाही, हा गुळगुळीत नवरा आहे. आनंदीबाई जोशी आपल्या कल्याणच्या, नवव्या वर्षी लग्न झालं, गोपाळरावांनी त्यांना हट्टाने शिकवलं हे आपल्याला पाठ आहे. पण अमेरिकेतून त्यांनीच नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आहे की दहाव्या वर्षी तुम्ही मला लाकडाने मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तकं फेकलीत, सोडून जायची धमकी दिलीत. शिकवणारा तोच आणि मारणारा तोच. न्यायमूर्ती रानड्यांचं बघा, विधवाविवाहाचे एवढे पुरस्कर्ते आणि पहिली बायको गेल्यावर 1873 मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे नमून 11 वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, मग त्याच रमाबाईंना शिकवलं, आणि ते शिक्षण चालू असताना घरातल्या बायकांनी त्यांना किती छळलं ते रमाबाईंच्या आठवणींमध्ये आहे. माणसं अशी गुंतागुंतीची होती आणि सिरीयलवाले ती धुवून-पुसून इस्त्री करून आणतात, म्हणून मग प्रेक्षकांना वाटतं की नायिकेला सगळं फुकट मिळालं, आणि फुकट मिळालेलं खोटंच वाटतं ना. राग विषयावर निघतो, खरी चूक या सोपेपणात आहे. तुमच्या आईला हे नेमकं कुठे जाणवलं ते तिला विचारा जरा, तिच्या आजीच्या गोष्टी निघतील कदाचित.

प्रश्न: मुलीने शाळेच्या प्रोजेक्टमध्ये सिरीयलमधला डायलॉग सावित्रीबाईंचं वाक्य म्हणून लिहिला. चालेल का?
– एक वाचक, खारघर

उत्तर: नाही चालणार, तो डायलॉग लेखकाचा आहे, काढायला सांगा. त्याऐवजी सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली पत्रं द्या तिला. 1868 चं पत्र नायगावहून लिहिलेलं आहे, त्यात एक ब्राह्मण तरुण आणि महार समाजातली गरोदर मुलगी, गावकरी दोघांना मारून टाकायला निघालेले, सावित्रीबाई मध्ये पडल्या, दोघांना वाचवलं आणि जोतीरावांकडे पाठवलं. मुलगी लहान असेल तर आधी तुम्ही वाचा आणि मग सोबत बसून वाचा. पुस्तक मिळालं नाही तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा, 1893 पासूनची लायब्ररी आहे, आणि जाताना मुलीलाही घेऊन जा.