नेम चुकला नव्हता, माणूस बदलला होता

रत्नागिरीहून बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालीय, तेव्हा नाव नाही. मजकूर थोडक्यात असा:

"सर, मला हेरगिरीचे सिनेमे फार आवडतात. 'द बॉर्न आयडेंटिटी' आणि त्याचा दुसरा भाग 'द बॉर्न सुप्रीमसी' किती वेळा पाहिले ते मोजणं मी सोडून दिलंय. दुसऱ्या भागात तसं बघायला गेलं तर जग वाचवायचं नाही की बॉम्ब निकामी करायचा नाही. तरी तोच जास्त जीव टांगणीला लावतो. असं का होतं? आणि असं लिहायला शिकता येतं का? बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. हेरांचं एवढंच वेड असेल तर रॉमध्ये जा, पगार तरी वेळेवर मिळेल."

तुझ्या बाबांचा मुद्दा आधी उरकतो. बँकांसारखी 'रॉ'ची जाहिरात पेपरात येत नाही. तिथे बरेचसे लोक इतर सरकारी सेवांमधून जातात. आय.बी.ची, म्हणजे इंटेलिजन्स ब्युरोची, मात्र पदवीधरांसाठी परीक्षा असते, सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी या पदाची, आणि बी.कॉम. झालेल्याला ती देता येते. नोकरी चांगली आहे. अडचण एवढीच की तुला लिहायचंय. 2021 मध्ये केंद्र सरकारने निवृत्तिवेतनाच्या नियमांत दुरुस्ती केली. तेव्हापासून गुप्तचर संस्थेतून निवृत्त झालेल्यालाही आपल्या कामाच्या क्षेत्राबद्दल काही छापायचं तर संस्थेच्या प्रमुखांची परवानगी लागते. म्हणजे साठीनंतरसुद्धा तुझी कथा आधी साहेबांच्या टेबलावर जाणार. हेर होणं आणि हेरांवर लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत, इतकं बाबांना सांग.

आता तुझा खरा प्रश्न. तो तू 'असं का होतं' असा विचारलास, 'हिरो कसा भारी आहे' असा नाही, म्हणून मी हे उत्तर लांबवतोय.

'सुप्रीमसी' 2004 साली आला तेव्हा मी तो पुण्यात थिएटरात पाहिला. सुरुवातीलाच गोवा दिसल्यावर शिट्ट्या वाजल्या. आपलं पाळोळें, आपली माडांची रांग! थोड्या वेळाने तेच थिएटर गप्प होतं. तो भाग तू पुन्हा लाव आणि या वेळी पाठलागाकडे बघू नकोस. कोणाला काय माहीत आहे, तेवढंच बघ.

बॉर्न म्हणजे सीआयए या अमेरिकन गुप्तचर संस्थेचा, स्मृती गेलेला माजी मारेकरी. बर्लिनमध्ये किरिल नावाच्या मारेकऱ्याने दोन माणसं मारलीत आणि तिथे बॉर्नच्या बोटाचा ठसा पेरून ठेवलाय. हे आपण पाहिलंय, बॉर्नला त्यातलं काहीच माहीत नाही. तो गोव्यात त्याच्या प्रेयसीसोबत, मारीसोबत, राहतोय, रात्री स्वप्नांनी दचकून उठतोय, सकाळी किनाऱ्यावर पळतोय. मग गावात त्याला एक माणूस खटकतो. चेहरा ओळखीचा नाही, पण कपडे, गाडी, वावरणं, काहीच त्या गावाशी जुळत नाही. तो मारीला जीपमध्ये घेतो आणि निघतो. मारीचा विश्वास बसत नाही. तुझी खात्री आहे का, हा तिचा प्रश्न बरोबरच आहे, कारण तिने काही पाहिलेलंच नाही. पुलाजवळ येताना दोघं जागा बदलतात. स्टिअरिंग तिच्या हाती येतं.

किरिल लांबून नेम धरतो तो गाडी चालवणाऱ्यावर. नेम अचूक लागतो.

जागा बदलली हे आपल्याला माहीत होतं, मारेकऱ्याला नव्हतं. आपल्यासमोरच घडलं आणि तरी त्याचा अर्थ आपल्याला गोळी लागल्यावर कळला. सगळी माहिती प्रेक्षकाच्या पदरात टाकायची आणि ती जोडायला त्याला अर्धा क्षण उशीर करायचा, यात लेखकाची कारागिरी आहे. स्फोट कुणीही करू शकतो, त्याला फक्त पैसे लागतात.

त्यानंतर गुंता बघ. बॉर्नला वाटतं, सीआयए आपल्या मागे लागली आणि तिनेच मारीला मारलं. सीआयएची अधिकारी पामेला लँडी हिला वाटतं, बर्लिनमध्ये आपली माणसं बॉर्नने मारली. किरिलला वाटतं, बॉर्न नदीत बुडून मेला. तिघंही हुशार आहेत, तिघंही चुकलेत, आणि कोण कुठे चुकलंय हे फक्त आपल्याला कळतं. पुढचा सिनेमा म्हणजे या तीन गैरसमजांची टक्कर. म्हणून बर्लिनमधल्या त्या फोनला अंगावर काटा येतो. लँडीच्या कचेरीत वीसेक माणसं स्क्रीनवर त्याला शोधतायत. तो फोनवर निकीला, सीआयएतल्या त्याच्या ओळखीच्या मुलीला, पाठवा म्हणतो. ती सापडली नाही तर, असं लँडी विचारते. तो म्हणतो, सोपं आहे, ती तुमच्या शेजारीच उभी आहे. ना गोळी, ना गाडी. समोरच्या गच्चीवर एक माणूस, हातात फोन. शोधणारेच नजरेखाली आहेत हे एका वाक्यात कळतं.

आता दुसऱ्या भागाचं गणित. दुसरा भाग म्हटलं की आपल्याकडे पहिलं सुचतं ते दुप्पट: दुप्पट गाड्या, दुप्पट खलनायक, एक गाणं जास्त. इथे तसं केलेलं नाही. पहिल्या भागात बॉर्नने सगळं पणाला लावून एकच गोष्ट मिळवली होती, ती म्हणजे मारी. ग्रीसमधल्या बेटावर स्कूटर भाड्याने देणारी ती मुलगी सापडते आणि तो सिनेमा संपतो. दुसरा भाग सुरू होताच तीच हिरावून घेतो. बक्षीस आता परत मिळणं शक्य नाही. मग माणूस कशासाठी धावेल?

पहिल्या भागाचा प्रश्न होता, मी कोण? दुसऱ्याचा, मी काय केलंय? उत्तराची किंमत वाढली की दुसरा भाग आपोआप मोठा होतो. मॉस्कोतला पाठलाग आठव. खांद्यात गोळी, हाताखाली टॅक्सी म्हणून वापरली जाणारी व्होल्गा ही रशियन गाडी, बोगद्यात शेवट. किरिल समोर जखमी पडलाय, बॉर्नच्या हातात पिस्तूल आहे, आणि तो त्याला न मारता निघून जातो. पण सिनेमा तिथे संपत नाही. बॉर्न एका मुलीच्या घरी जातो. तिच्या आईने वडिलांना मारलं आणि मग स्वतःला संपवलं, असं ती आयुष्यभर समजत आलेली. तो तिला सांगतो की तुझ्या आईने काही केलेलं नाही, दोघांना मी मारलं. एवढ्या पाठलागांच्या सिनेमाचा कळस म्हणजे एका खोलीतली माफी. दुसरा भाग तुला का धरून ठेवतो, याचं माझं उत्तर हे आहे. तुझं वेगळं असेल तर लिही.

अजून एक गंमत सांगतो. मूळ कादंबऱ्या रॉबर्ट लडलम यांच्या. 'सुप्रीमसी' ही त्यांची कादंबरी 1986 ची, आणि ती घडते हाँगकाँग नि चीनमध्ये. त्यात मारी मरत नाही, तिला पळवून नेतात. पडद्यावर आलं ते जवळजवळ नाव तेवढं. मूळ पुस्तकाचा मान राखायचा की गोष्टीचा, हा निर्णय लेखकाला घ्यावा लागतो. त्याचेच पैसे मिळतात.

शिकता येतं का? हो. पण आधी एक खातरी करून घे. तुला नक्की काय आवडतं, लेखन की संकलन? 'सुप्रीमसी'त सरासरी शॉट जेमतेम दोन सेकंदांचा आहे. श्वास लागतो तो बराचसा कात्रीमुळे. तिसऱ्या भागाला, 'द बॉर्न अल्टिमेटम'ला, ऑस्कर मिळाले ते तीन: संकलन, ध्वनिमिश्रण आणि ध्वनिसंपादन. पटकथेला नाही. माझ्याकडे पूर्वी आलेला एक मुलगा असाच 'मला दिग्दर्शक व्हायचंय' म्हणायचा. बोलता बोलता लक्षात आलं की त्याला प्रत्येक सिनेमातले आवाजच आठवतात. पावलांचे, दारांचे, इंजिनाचे. तो आज साउंडमध्ये आहे. तुझ्या पत्रात आवाज नाहीत, शॉट नाहीत, 'का' आहे. म्हणून मी लेखनाकडे झुकतो. तरी एकदा डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती उतरवून मोबाइलवर शूट केलेला पाच मिनिटांचा पाठलाग कापून बघ. भाट्याच्या पुलावर, स्कूटरवरून, रहदारी नसताना आणि हेल्मेट घालून.

पदवी पूर्ण कर. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेला आणि कोलकात्याच्या सत्यजित राय चित्रपट संस्थेला लेखन-दिग्दर्शन किंवा संकलनासाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते, पण पदवी लागते. त्यावर प्रवेशपरीक्षा असते. तेव्हा ते बी.कॉम. वाया जात नाही. पैसे भरून 'तीन महिन्यांत पटकथालेखक' करणाऱ्या जाहिरातींना मात्र हात लावू नकोस. आणि पुढे संहिता कुणालाही पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवायची, ही सवय आत्ताच लाव.

पैशांचं खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं कसोटीची असतात. लेखकाचं मानधन टप्प्याटप्प्याने येतं आणि मधला टप्पा कधी कधी येतच नाही. तोवर बी.कॉम.च्या जोरावर अर्धवेळ हिशेबाचं काम कर. बाबांनाही तेवढा धीर येईल.

या वर्षी तुला गाड्या नि हेलिकॉप्टर मिळणार नाहीत, रंगमंच मिळेल. विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी एक एकांकिका लिही: एक खोली, दोन माणसं, एक फोन. दोघांपैकी एकाला काहीतरी माहीत आहे, दुसऱ्याला नाही, आणि प्रेक्षकाला दोघांपेक्षा थोडं जास्त. वीस मिनिटं कुणी मोबाइल बाहेर काढला नाही, तर तुला हे जमतं.

त्याआधी एक वही कर. पानावर चार रकाने आख: बॉर्न, मारी, किरिल, प्रेक्षक. गोव्याचा प्रसंग आवाज बंद करून लाव, प्रत्येक शॉटला थांब आणि त्या क्षणी कोणाला काय माहीत आहे ते लिही. दोघं जागा बदलतात त्या शॉटला चौथ्या रकान्यात तू काय लिहिलंस, ते मला कळव.